काचेतली रेघ

सत्तर साल होतं, मी सोळा वर्षांचा, आणि आता मी सत्तरचा आहे, म्हणजे बघा आकडा फिरून तिथंच आला. गाव आमचं मेहकरकडं, बुलढाणा जिल्हा. शाळा चौथीपर्यंत झाली असं मी सांगतो, पण खरं विचाराल तर तिसरीच, चौथीत नुसतं पटावर नाव होतं. मामा अंधेरीला होता, त्यानं बोलावलं म्हणून आलो, आणि मामानं मला नेऊन उभं केलं ते बल्बच्या कारखान्यात. काचेच्या बल्बातली हवा काढून घ्यावी लागते, नाहीतर आतली तार पेटवल्या पेटवल्या जळून जाते, हे मला तिथं कळलं. ती हवा काढायला पंप होते, रांगेनं मांडलेले, दिवसभर त्यांचं आपलं टकटक टकटक. लोकांचं त्या आवाजानं डोकं दुखायचं, मला झोप लागायची. तिथंच मी चिकटलो. वाचता धड येत नाही, पण पंप मी उघडला आणि परत बसला नाही असं एकदाही झालं नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो, ज्याला खोटं वाटेल त्यानं चारकोपला माझ्या गाळ्यात यावं.

मला शिकवलं ते पारकर मेस्त्रींनी, मालवणकडचे. माणूस कडक, बोलणं वाकडं. मी पहिल्या दिवशी चालू पंपाजवळ हात नेला तर म्हणाले, अरे झिला, हात आवशीन दोनच दिले हत ना? आवशीन म्हणजे आईनं. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डब्यातली वाटी घेतली, कॅन्टीनचं पातेलं घेतलं आणि मला पंप समजावला. तोच मी तुम्हाला सांगतो, तो कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. पातेलं आडवं धरा. आत वाटी ठेवा, पण मधोमध नाही, वरच्या कडेला चिकटवून. मग खाली जी जागा उरते ती कशी दिसते, चंद्रकोरीसारखी, कडेला बारीक आणि मध्ये जाड. पातेलं हलत नाही. वाटी फिरते, तिला आम्ही रोटर म्हणतो. त्या रोटरला आरपार खाच पाडलेली असते, खाचेत दोन पाती, दोन्हींच्या मध्ये स्प्रिंग. रोटर फिरायला लागला की पाती बाहेर सरकून भिंतीला घासत जातात, जागा मोठी तिथं लांब बाहेर, जागा नाही तिथं पुन्हा आत. पातं पुढं जातं तशी त्याच्या मागं जागा वाढते, त्या जागेत हवा येते. मग मागून दुसरं पातं येतं आणि दार लावून घेतं. आता हवा कोंडली. पुढं जागा आवळत जाते, आवळत जाते, हवा दाबली जाते, तापते, आणि शेवटी झडप उचलून तेलातून बुडबुडे काढत बाहेर पडते. लोक म्हणतात पंप हवा ओढतो. ओढत नाही हो. पंप नुसती रिकामी जागा करतो, हवा आपल्या पायानं चालत येते. पारकर मेस्त्री म्हणायचे, ह्या ध्यानात ठेव, रिकामी जागा दिसली की काय पण आत येता.

आणि तेल. पातं आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच, कितीही घासा. ती फट तेल बुजवतं. तेल नसलं तर दाबलेली हवा त्या फटीतून मागं पळते आणि पंप नुसता फिरत बसतो, काम शून्य. म्हणून पंपाच्या पोटाला एक गोल काच असते, तेल किती आहे ते दिसायला. अर्धी काच भरलेली पाहिजे. आमच्या धंद्यात कुणाकडं गेलो की आधी पंपाच्या काचेत बघायचं, मग माणसाच्या तोंडाकडं, ही सवय मला अजून आहे, आमची मंडळी म्हणायची लग्नात पण तुम्ही माझ्याकडं नाही बघितलं, मांडवातल्या जनरेटरकडं बघत होतात. गेली ती, देवमाणूस होती. मुलगा ऑफिसात आहे, त्याला तेलाचा वास चालत नाही. गाळ्यात आता मी एकटाच.

तर ऑक्सिजनचं सांगायचं राहिलं. दवाखान्यात जे बाटले जातात ना ऑक्सिजनचे, लोखंडी, ते भरायच्या आधी पंप लावून पूर्ण रिकामे करतात, जुनं आतलं काही राहू नये म्हणून. आता त्या पंपात साधं तेल चालत नाही. का चालत नाही, तर कोंडलेला आणि तापलेला ऑक्सिजन साध्या तेलाला भेटला की तिथं काडी ओढायला कुणी लागत नाही, ते आपलं आपण पेटतं. त्याच्यासाठी वेगळं तेल येतं. पाण्यासारखं स्वच्छ, वास नाही, आणि जड, पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, छोटा डबा उचलला तरी हात खाली जातो. पारकर मेस्त्रींनी मला ऑक्सिजनच्या पंपाला हात लावू दिला तो सोड्यानं हात धुवायला लावून, कोपरापर्यंत. डोक्याला तेल लावून आलास तर बाहेर उभा राहा म्हणाले. मग एका प्लँटची गोष्ट सांगितली, कुठला ते सांगितलं नाही. तिथं कुणीतरी साधं तेल घातलं होतं. पंपाचं झाकण पत्रा फाडून वर गेलं. मी विचारलं, आणि माणूस? मेस्त्री हात पुसत बसले होते, पुसता पुसताच म्हणाले, झाकण गावला. तेव्हापासून मी डोक्याला तेल लावलेलं नाही, आज चोपन्न वर्षं झाली, केस बघा माझे, झाडूसारखे.

माझी धाकटी बहीण कमळ मुलुंडला दिलेली. तिचे मालक काशिनाथ, आमचे दाजी, ते तिथं जवळच एका ऑक्सिजन भरायच्या प्लँटवर आहेत, रिटायर झाले तरी त्यांना सोडत नाहीत, कारण त्यांच्यासारखा भरणारा नाही, हे मी मागून म्हणतो, तोंडावर नाही म्हणत. तोंडावर आमचं जमत नाही. मी त्यांना बाटलीवाले म्हणतो, ते मला पंपोबा म्हणतात. लोकांना सांगतात, आमच्या मेव्हण्याच्या डोक्याला तेल नाही आणि जिभेला पण नाही. मी त्यांचा पंप दुरुस्त करतो म्हणून किती वेळा सांगितलं, पण नाही, त्यांना माझ्या हातचं नको, मेव्हण्याचं ऐकलं तर मिशी खाली येईल. माणूस तसा टापटीप. पंपाला रोज कपड्यानं पुसतात, त्याच्याशेजारी त्यांचं स्टूल, दिवसभर तिथंच बसून असतात, तेलाच्या टाकीला गुडघा लागेल इतकं जवळ. ते स्टूल ध्यानात ठेवा.

ही गोष्ट परवाची आहे. मी कमळीकडं जेवायला गेलो होतो. लिंक रोडनं बस जाते, उतरलो, घरी पोचलो तर कमळी म्हणाली, दादा, ते डबा विसरून गेले बघ, तू जाऊन देतोस का, मी तोवर भाकऱ्या टाकते. म्हणलं दे. डबा घेऊन गेलो. वॉचमन ओळखतो, त्यानं सोडलं. प्लँटवर जेवणाची सुट्टी झालेली, सगळं बंद, गाड्या लागलेल्या, बाटले रांगेनं उभे. दाजी स्टुलावर. पंपाला नवीन निळा रंग दिला होता, मोटर ज्या पट्ट्यानं पंप फिरवते त्या पट्ट्यावरची जाळी काढून बाजूला वाळत टाकलेली. मला बघून म्हणाले, या पंपोबा, बघा कसा नवरदेव सजवलाय. मी सवयीनं काचेत बघितलं.

काय सांगू तुम्हाला. काच अर्ध्याच्या वर भरलेली, बघणाऱ्याला वाटेल पोट भरलेलं आहे. पण खाली पाण्यासारखं स्वच्छ, वर पातळ कोऱ्या चहासारखं पिवळं, आणि दोन्हींच्या मध्ये रेघ. आडवी, सरळ, सुतारानं दोरी मारावी तशी. पंप चालू असताना हे दिसलं नसतं, घुसळलं जातं सगळं, ढवळलेल्या ताकासारखं होतं. सुट्टीत पंप थांबला, तेल निवलं आणि जड खाली, हलकं वर बसलं. ते जड तेल कुणाशी मिसळत नाही. मी म्हणलं, दाजी, ह्याच्यात साधं तेल गेलंय. तर म्हणाले, कायपण काय? मी स्वतः घातलंय, काचेतलं तेल खाली गेलं होतं, पंपाला काय उपाशी ठेवू? त्याच डब्यातलं घातलंय, लेबल बघा. समोर फळीवर डबा होता, पांढरा, त्याच तेलाचा, ते खरं होतं. मी म्हणलं, मग ही रेघ कसली? दाजी वाकले, काचेजवळ नाक नेलं, चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, मला तर नाही दिसत रेघ. मग सरळ झाले आणि हसले. मेव्हणे, ती रेघ काचेत नाही, तुमच्या डोळ्यात आहे.

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून एक काळा धागा तरंगतो समोर, हे कमळीला सांगितलेलं, कमळीनं त्यांना सांगितलेलं. तिथं जेवत बसलेली माणसं पण हसली. एक म्हणला, काका, चष्म्याचं दुकान स्टेशनजवळ आहे. मी डोळे मिटले, उघडले, परत मिटले, परत उघडले. रेघ होती. सुपरवायझरला सांगितलं, तो फोनवर होता, फोन न काढताच म्हणला, आज लोड आहे बाबा, रविवारी उघडून बघू. तेवढ्यात भोंगा झाला. दाजी डबा न खाताच उठले आणि बटणाकडं हात नेला. त्यांचा दुसरा हात टाकीवर, रोजच्यासारखा, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी काय केलं, जाळी काढलेलीच होती, मोठी पुली हातानं फिरवली, पट्टा कडेवर चढवला आणि उतरवून घेतला. अंगात अजून आहे तेवढं. पट्टा गळ्यात घातला आणि चालायला लागलो. मागून दाजी ओरडताहेत, अहो मेव्हणे, डोकं फिरलं काय, गाड्या उभ्या आहेत, दवाखान्याचा माल आहे. मी म्हणलं, पट्टा पाहिजे तर कमळीकडं या न्यायला. ते म्हणाले, स्टोअरमध्ये दुसरा पट्टा आहे, तुमच्यावाचून काय अडत नाही. मी वळून म्हणलं, मग लावा, पण स्टूल लांब घ्या. सगळी माणसं हसत होती. वॉचमननं मला बघून हात जोडले, त्याला वाटलं सत्कार झाला.

घरी आलो. कमळी म्हणाली, हे गळ्यात काय? सांगितलं सगळं. तिनं फोन लावला, त्यांनी कट केला. परत लावला, बंद. ती म्हणाली, दादा, तू खात्रीनं बघितलंस ना? मी म्हणलं, खात्रीनं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मी समोरच्या भिंतीकडं. भिंत पांढरी, नुकता चुना दिलेला. आणि तिच्यावर एक रेघ होती. बारीक, काळी. मी डोळा फिरवला तशी ती पण फिरली. म्हणजे ती माझी रेघ. मग काचेतली? काचेतली फिरली होती का? मी डोळे मिटले होते, उघडले होते, पण बाजूला फिरवून बघितलं नव्हतं. आता आठवायला जावं तर दोन्ही रेघा एकीत एक व्हायला लागल्या. हे मी कमळीला बोललो नाही. पट्टा गळ्यातून काढला पण नाही. ती म्हणाली, मी जाऊन बघू का? म्हणलं, तू जायचं नाहीस. का? म्हणलं, नाही म्हणलं ना. तिनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला की काय झालं, ती उठून खिडकीत गेली आणि परत येऊन बसली. शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी उभाच राहिलो. कमळी म्हणाली, दादा, तुला काय माहीत आहे जे तू मला सांगत नाहीस? मला पारकर मेस्त्री दिसत होते, हात पुसत बसलेले. म्हणलं, काही नाही, पाणी दे.

उन्हं उतरायच्या आधी दाजी आले. शिफ्ट सुटायच्या आधी. दारात उभे राहिले, चपला काढल्या, एक चप्पल सरळ केली, दुसरी सरळ केली. हातात कापडी पिशवी. कमळीनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली, ते म्हणाले, रडतेस काय, मेलो नाही. पिशवीतून त्यांनी एक काचेची बाटली काढली, लोणच्याची असते तशी, आणि टेबलावर ठेवली. बाटली हलत आलेली, आत सगळं दुधासारखं गढूळ. आम्ही तिघं बघत बसलो. हळूहळू खालून स्वच्छ व्हायला लागलं, वर पिवळं जमायला लागलं. रेघ आली. मी डोळा डावीकडं फिरवला, उजवीकडं फिरवला. रेघ जागच्या जागी.

दाजी म्हणाले, पट्टा लावला होता मी. दुसरा. बटणावर बोट होतं. मग वाटलं लेबल परत एकदा बघून घ्यावं, म्हणून फळीवरचा डबा उचलला. मग म्हणाले, मेव्हणे, जन्म गेला माझा वजनं उचलण्यात. बाटला भरलाय का रिकामा ते मी हात लावून सांगतो. डबा अर्धा होता आणि हलका लागला. त्या तेलाचा अर्धा डबा एवढा हलका नसतो. उघडून बोटावर घेतलं तर साधं तेल, बाजूच्या मशीनचं. कुणीतरी डबा रिकामा झाला तेव्हा चांगला डबा, झाकण घट्ट, म्हणून त्यात दुसरं तेल भरून ठेवलं होतं. आता ह्यात कुणाला काय बोलणार? कमळीच्याच फळीवर बघा, बिस्किटाच्या डब्यात रवा, बॉर्नव्हिटाच्या डब्यात हळद. आपल्याकडं चांगला डबा कुणी टाकत नाही. तो कुणी भरला ते दाजींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, त्या डब्यातलं मी आधीही घातलंय, त्या तेलावर पंप किती दिवस चालला ते मला माहीत नाही, मी तिथंच बसलेलो असायचो.

मी म्हणलं, आता निवांत जेवा, पंप उघडू, धुऊ, झालं. कमळीनं भाकरी गरम करायला घेतली. घरात जरा हवा आल्यासारखं झालं. पण पंपवाल्याचं डोकं, ते थांबत नाही. मी विचारलं, दाजी, पंप बंद केला की तोंडावरची झडप धरते ना? म्हणजे असं आहे, पंप चालू असतो तोवर नळीतली हवा पंपाकडं येते. पंप थांबला की नळीत आणि बाटल्यात रिकामी जागा आणि पंपात तेल. मधली झडप नीट बसली नाही तर तेलच उलटं चालू लागतं, नळीतून, बाटल्याकडं. कुणी ओढत नाही. रिकामी जागा दिसली की आपल्या पायानं जातं. दाजींनी घास हातात धरला होता तो ताटात ठेवला. म्हणाले, झडप गळते. पावसाळ्यापासून गळते.

मग कुणी जेवलं नाही. म्हणलं, पंप बंद व्हायचा तेव्हा नळीला बाटले लावलेले असायचे? म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत असायचे. लावून ठेवलेले. वेळ वाचतो. आणि मग त्यातच दाबून ऑक्सिजन भरून ते बाहेर जायचे? दाजी म्हणाले, रोज जातात मेव्हणे, गाड्या रोज जातात. कमळीला काय ते कळलं नाही, पण आमची तोंडं बघून तिनं ती बाटली उचलून मोरीत नेऊन ठेवली, टेबलावर नको म्हणाली. दाजींनी सुपरवायझरला फोन केला, ह्यावेळी त्यानं ऐकलं, जे बाटले बाहेर आहेत ते परत बोलवायला सुरुवात केली असं म्हणला. काही आले. काही दवाखान्यात आहेत, काही कुणाकुणाच्या घरी खाटेशेजारी उभे आहेत, कुणाची म्हातारी, कुणाचा बाप, मी त्यांना ओळखत नाही, ते मला ओळखत नाहीत. नळीतून गेलं असेलच असं नाही. गेलं असलं तरी थेंबभर असेल. पण थेंब म्हणजे किती, हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. त्या सगळ्यांचं भलं होवो, एवढंच म्हणतो, ह्याच्यापुढं माझ्या हातात नळ्याच आहेत.

रात्री कमळीकडंच राहिलो. काल सकाळी उठलो, हात सोड्यानं धुतले कोपरापर्यंत, नखं कापली, पट्टा गळ्यात घातला आणि निघालो. दाजी माझ्याआधीच दारात उभे होते. डोकं ओलं, केसाला तेल नाही, तेहतीस वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा बघितलं, ओळखू येत नव्हते. मी म्हणलं, झाडू झालात. म्हणाले, चला, बोलू नका. प्लँटवर गेलो. पट्टा खिळ्याला अडकवला. स्टूल त्यांनी स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवलं. मग मी पहिली नळी सोडवली, तारेला पांढरा धुतलेला कपडा बांधला, नळीत तेल गेलं असलं तर त्याच्यावर डाग उमटणार, एका टोकानं घातला, दुसऱ्या टोकानं काढला, आणि न बघताच दाजींच्या हातात दिला. म्हणलं, माझे डोळे तुम्हाला मान्य नाहीत, तुम्ही बघा. त्यांनी तो दारातल्या उजेडात धरला. मग घडी घालून खिशात ठेवला, आणि म्हणाले, मेव्हणे, बाहेरचे बाटले सगळेच परत आणायला लागतील. मी पुढची नळी सोडवायला घेतली.